पुंगळ्यांचे उस्ताद

नांदेडात एक पिठाची गिरणी आहे, तिथं आमच्या उस्तादांना पाऊल ठेवायला बंदी आहे. ही बंदी गिरणीवालीनं स्वतः, रांगेतल्या आठ-दहा बायकांच्या साक्षीनं घातली आणि माझ्या माहितीप्रमाणे ती अजून उठलेली नाही.

उस्ताद तिथं मका घेऊन गेले होते. मका म्हणजे दाणे नव्हेत. दाणे काढून घेतल्यावर जी कोरडी कणसं उरतात, ती कुटून, तेलाच्या डब्यात भरून. धोतर-सदऱ्यातला उंच, ताठ माणूस मांडीला डबा टेकवून बायकांच्या रांगेत चौथ्या नंबरावर उभा. नंबर आल्यावर गिरणीवालीनं डब्यात डोकावलं.

"ह्यात मका कुठंय? हा तर कचरा हाय."

"कचऱ्याचाच भरडा पाहिजे. बाजरीच्या दाण्याएवढा. त्याच्या खाली न्हाई, वर न्हाई."

"जनावराला घालायचा का?"

इथं "हाव" म्हणाले असते तर काम झालं असतं. पण उस्तादांना खोटं बोलता येत नसे. "न्हाई," ते म्हणाले. "बंदुकीच्या काडतुसाचं पितळ पुसायचं हाय."

रांग दोन पावलं मागं सरकली. तरी बाईनं कशीबशी कणसं भरडून दिली. भांडण झालं ते पुढच्या नंबराला, कारण त्या बाईच्या ज्वारीच्या पिठात भुसा उतरला. उस्तादांनी ते पीठ स्वतः ठेवून घेतलं, दुकानातून तेवढीच ज्वारी आणून त्या बाईला दिली आणि पुढचा आठवडा त्या भुशाच्या भाकरी खाल्ल्या. मला म्हणाले, "म्याडम, भरडा एक नंबर निघाला. खाऊन बगितला."

हे उस्ताद आमच्या रायफल क्लबात होते. क्लब नांदेडच्या बाहेर, एका बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीला लागून तीनशे मीटरची रेंज, अलीकडे पत्र्याची शेड, शेडच्या टोकाला उस्तादांच्या दोन खोल्या. फौजेत त्यांनी सगळी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त होऊन गावी गेले, चार महिन्यांत कंटाळले आणि क्लबाला माणूस हवा आहे असं कळताच पत्र्याची पेटी घेऊन आले. काम काय, तर रायफली नीट ठेवायच्या आणि पुंगळ्या तयार करायच्या.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं. गोळी सुटते, दारू जळते आणि पुंगळी बाहेर पडते, काळवंडलेली, गरम. ती साफसूफ करून, मापात आणून पुन्हा भरता येते. कारखान्याची काडतुसं आम्हाला वर्षातून एकदा मोजकीच मिळत, म्हणून क्लबानं रीतसर परवानगी काढून पुन्हा भरायची सोय केली होती. भरायची खोली वेगळी. तिला दोन कुलपं. तिथं उस्ताद कुणालाही घेत नसत, मलाही कधी घेतलं नाही. पण पुंगळ्यांचं काम उघड्यावर, शेडमध्ये, सकाळच्या उन्हात चाले आणि ते बघायला कुणालाही मोकळीक होती. बघायला कुणी येत नसे, तो भाग वेगळा.

मी मूळची लातूरची. नांदेडला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. कॉलेजात एनसीसीत रायफल हातात घेतली होती. मग लग्न, नोकरी, मुलगी ह्यांत ती सुटली ती दहा-बारा वर्षं सुटली. पुन्हा क्लबात नाव घातलं तेव्हा मी चौतिशीत होते. पहिल्याच दिवशी मी उस्तादांच्या टेबलाशी गेले आणि जरा ऐटीत म्हणाले, "मी प्रयोगशाळेत काम करते. मिलिग्रॅमपर्यंत वजन करायची सवय आहे. मदत करू का?"

उस्तादांनी चष्म्यावरून बघितलं. पुढ्यातल्या ढिगातल्या वीस पुंगळ्या मोजून माझ्यासमोर मांडल्या. "ह्यातली एक खराब हाय. सांगा कोणती."

मी दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेतला जुना काटा घेऊन आले. विसांची वजनं केली, वहीत लिहिली. एक पुंगळी बाकीच्यांपेक्षा बरीच हलकी निघाली. ती पुढं केली.

"हलकी हाय," उस्ताद म्हणाले. "खराब न्हाई. काट्याला वजन दिसतं म्याडम, चीर दिसत न्हाई."

मग त्यांनी सायकलच्या चाकाचा एक आरा माझ्या हातात दिला. त्याचं टोक घासून अणकुचीदार केलेलं आणि काटकोनात वाकवलेलं. हा आरा पुंगळीत तळापर्यंत घालायचा, टोक आतल्या भिंतीला टेकवायचं आणि हळूहळू वर ओढायचं. भिंत चांगली असेल तर टोक घसरत येतं. एकाच पुंगळीतून फार वेळा गोळी झाडली की तळाच्या जरा वर, आतल्या अंगानं, पितळ ताणून पातळ होतं आणि तिथं गोल खाच पडते. बाहेरून बहुतेक वेळा काही कळत नाही. टोक तिथं अडखळतं.

मला चाळीस मिनिटं लागली. पंधरावी की सोळावी पुंगळी होती. टोक वर येताना अगदी किंचित, कापडाच्या शिवणीवरून नख जावं तसं अडलं. मी पुन्हा ओढलं, पुन्हा अडलं. ती पुंगळी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती टेबलाला जडवलेल्या लोखंडी शेगड्यात आवळली आणि करवतीनं उभी चिरली. आतल्या भिंतीवर केसाएवढी काळी रेघ होती.

"चहा घेता का?" उस्ताद म्हणाले. त्या दिवसापासून शेडमध्ये माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं गेलं.

हत्यारं घ्यायला त्यांच्याबरोबर बाजारात जाणं हा एक वेगळाच सोहळा असे. ह्या कामाची खास हत्यारं परदेशी, महाग आणि मागवायला वेळखाऊ. उस्ताद म्हणत, "गावात काय न्हाई? फक्त कोणत्या दुकानात हाय ते बगावं लागतं." मग आम्ही पुंगळीचं तोंड साफ करायला लागणारं टोकदार हत्यार दातांच्या डॉक्टरांचं सामान विकणाऱ्याकडून आणलं. भरडा चाळायच्या चाळण्या भांड्यांच्या दुकानातून. तळाचा खळगा खरवडायची बारीक पटाशी एका सुताराकडची, म्हाताऱ्यानं बापाच्या हातची म्हणून जपलेली. ती मिळवायला उस्ताद तीन रविवार त्याच्या दारात बसले, चौथ्या रविवारी त्याच्या रंध्याला धार लावून दिली, तेव्हा ती मिळाली.

पुंगळ्या घोळायचं यंत्र म्हणजे इडलीचं पीठ वाटायचा जुना ग्राइंडर. दगड काढून टाकलेला. त्यात मक्याचा भरडा आणि पुंगळ्या घालून तीन तास फिरवायचं. आवाज असा येई की पलीकडच्या शेतातल्या आखाड्यावरचा माणूस पहिल्या दिवशी पाऊस आला म्हणून वाळत घातलेली हळद उचलायला धावला होता.

सगळ्यात जास्त वेळ लागला मापाच्या हत्याराला. केसाच्या जाडीपर्यंत मोजणारं कॅलिपर पाहिजे होतं. दुकानदारानं एक काढून दिलं.

"आणखी दाखवा," उस्ताद म्हणाले.

"सगळी सारखीच हायत, काका."

"सगळी सारखी असती तर मापायची गरजच पडली नसती. काढा."

दुकानदारानं सात काढली. उस्तादांनी खिशातून एक पितळी तुकडा काढला आणि प्रत्येक कॅलिपरनं तो दहा-दहा वेळा मापला. जबडा मिटवून उजेडाकडे धरायचा, मधून उजेड झिरपतो का बघायचं, मग डोळे मिटून बोटानं सरकवायचं. दीड तास गेला. मागं गिऱ्हाईकं साचली. शेवटी त्यांनी जे कॅलिपर घेतलं ते दुकानदारानं अगदी पहिलं काढून दिलेलंच होतं. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "हेच तर दिलं होतं की!"

"हाव. पण तवा तुमाला ठाऊक नव्हतं," उस्ताद म्हणाले.

ते कॅलिपर खिशात आल्यापासून उस्ताद जगातलं काहीही मापू लागले. मुलीच्या वाढदिवसाला घरी जेवायला बोलावलं तर माझ्या पोळीची जाडी मापली. एका कडेला जाड भरते, असं सासूबाईंच्या देखत सांगितलं. सासूबाई त्यांच्यावर तेव्हापासून फार खूश आहेत.

त्यांचं गाव इस्लापूरच्या बाजूला, जंगलाच्या कडेचं. शनिवारी संध्याकाळी किनवटच्या गाडीनं जायचे, सोमवारी सकाळी परत. एकदा मी आणि माझी मुलगी त्यांच्याबरोबर सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी उतरलो. काकू म्हणजे पाच फुटांच्या आतली, चुणचुणीत, एकसारखी बोलणारी बाई. घरची सहा एकर जमीन त्यांनी एकटीनं सांभाळली होती आणि नवऱ्याबद्दलची त्यांची तक्रार एका जागी साठून राहिलेली होती. ऐकणारं माणूस मिळाल्यावर ती बाहेर पडली.

"ह्या माणसाचं काय सांगू बाई तुमाला. लग्नात मंगळसूत्र घालायच्या आधी वाट्या उजेडाकडं धरून बगितल्या, चीर हाय का म्हणून! भटजी तसाच उभा. माझा बाप म्हनला, उठ पोरी, घरी चल."

"मग?"

"मग काय! चीर निघाली की एका वाटीला. सोनार तिथंच वऱ्हाडात जेवून राहिला होता. बदलून दिली त्यानं." काकूंनी पदर सारखा केला. "म्हनून तर बसले मी परत."

उस्ताद ओट्यावर बसून माझ्या मुलीला विहिरीचा रहाट कसा फिरतो ते समजावून सांगत होते. त्यांनी ऐकलं, पण मान वर केली नाही.

फौजेत ह्या माणसाच्या हातून काहीतरी भयंकर झालं असणार, अशी क्लबात एक दबकी चर्चा होती. कुणी म्हणे एका जवानाचा डोळा गेला, कुणी म्हणे हात. त्याशिवाय कुणी एवढं काटेकोर होतं का? मी एकदा सरळ विचारलं.

"काय बी झालं न्हाई," उस्ताद म्हणाले.

"काहीच नाही?"

"चोवीस वर्षं. एक सुद्दा न्हाई." आणि मग हळूच, पोरानं लपवलेलं बक्षीस दाखवावं तसं हसत म्हणाले, "म्हनून तर."

पुढं जे झालं, त्यात मात्र हे "एक सुद्दा न्हाई" पणाला लागलं.

आमच्या क्लबाचे अध्यक्ष म्हणजे अप्पा. मूळचे उदगीरचे, नांदेडात बियाण्यांचं मोठं दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मनानं मोकळे आणि स्वभावानं अतिशय घाईचे. लातूरच्या क्लबानं आम्हाला सामन्याला बोलावलं होतं. तीनशे मीटर, दोन्ही क्लबांचे पाच-पाच नेमबाज, आणि त्यात पहिल्या तिघांत येणाऱ्याला पुढच्या विभागीय शिबिराला पाठवायचं ठरलं होतं. माझं नाव पाचांत होतं. लातूर माझं माहेर. आई, भाऊ, दोन मावश्या, सगळे बघायला येणार होते. मी पहाटे उठून रोज अर्धा तास रिकामी रायफल धरून उभी राहत होते. अप्पाही पाचांत होते. त्यांनी स्वतःच स्वतःचं नाव घातलं होतं.

आमच्याकडं तीनशे पुंगळ्या निवडून, पारखून, डब्यात भरून ठेवलेल्या. उस्ताद शनिवारी गावी गेले. रविवारी अप्पा क्लबात आले. लातूरकरांसमोर मांडायच्या पुंगळ्या त्यांना मळकट वाटल्या. गाडीत टाकल्या आणि एका भांडी उजळणाऱ्याकडं नेल्या. सोमवारी सकाळी उस्ताद परत आले तेव्हा टेबलावर पितळी परातीत तीनशे पुंगळ्या अशा झळकत होत्या की शेडच्या पत्र्यावर त्यांचा पिवळा उजेड पडला होता. अप्पा शेजारी उभे, नवरदेवाच्या बापासारखे.

"उस्ताद, बघा! सोनं झालंय सोनं."

उस्तादांनी पेटी खाली ठेवली. एक पुंगळी उचलली, नाकाशी नेली. "नवसागर?"

"काय की. भट्टीवर घातल्या, सगळं काजळ जाळलं, मग घासल्या. हात कसला होता म्हाताऱ्याचा!"

उस्तादांनी ती पुंगळी परातीत ठेवली. मग त्यांनी आपल्या पेटीतली एक जुनी, काळपट पुंगळी काढली. तिचा तळ पकडीत धरला आणि जोरानं दाबला. काही झालं नाही. मग परातीतली एक घेतली, तशीच धरली, दाबली. तळ पिचकला, पेढ्यासारखा.

"अप्पा, तोंड मऊ पाहिजे, तळ कडक पाहिजे. गोळी सुटती तवा सगळा जोर तळ धरून ठेवतो. तुमी भट्टीत घालून समद्या मऊ केल्या. वरून नवसागर. त्यानं पितळ आतून तडकतं, आज न्हाई तर चार महिन्यांनी. ह्या भरता येत न्हाईत."

"एकसुद्धा?"

"एक सुद्दा."

अप्पांचा चेहरा उतरला आणि मग तांबडा झाला. चार दिवसांवर सामना. लातूरला शब्द दिलेला. "तुम्हाला भरायच्या नसतील तर दुसऱ्याकडून भरून घेतो," ते ओरडले. "परवाना क्लबाचा आहे, तुमचा नाही!"

उस्तादांनी मान हलवली, जसं काही हे बरोबरच आहे. शेगडा सरळ केला, हातोडा घेतला, खाली बसले आणि परातीतल्या पुंगळ्या एकेक करून चेपायला लागले. ठक्. बाजूला. ठक्. बाजूला. अप्पा बघत राहिले. कुणी उस्तादांचा हात धरला नाही. मी धरायला हवा होता असं त्या क्षणी मला वाटलं, कारण मला पहाटेचे ते अर्धे-अर्धे तास आठवले आणि मावश्या आठवल्या. "उस्ताद, निदान दहा तरी ठेवा," असं मी म्हणालेसुद्धा. आज लाज वाटते, पण म्हणाले.

त्यांनी हातोडा थांबवला. "म्याडम, तुमी त्या दिवशी आऱ्यानं चीर काढली ना? मग असं कसं बोलून राहिलात?" आणि पुन्हा ठक्.

तीनशे संपायला दुपार झाली. "उद्यापासून येऊ नका," असं उस्तादांना बजावून अप्पा केव्हाच निघून गेले होते. मीही निघाले. उस्तादांची नोकरी सुटली, माझा सामना सुटला आणि उस्तादही सुटले, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय घडलं ते मला नंतर अप्पांनी सांगितलं. उस्ताद त्यांच्या दुकानात गेले. बियाण्यांच्या पोत्यांमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "लातूरच्या रेंजवर लई पुंगळ्या पडून असतील. त्यांच्याकडं पारखायला मानूस न्हाई, मला ठाऊक हाय. आपन जाऊ. त्यांचा सगळा ढीग निवडून, साफ करून देऊ. बदल्यात आपल्याला पाहिजे तेवढ्या घेऊ. फक्त तुमाला यावं लागंल. कागदावर अध्यक्षाची सही पाहिजे, माझी चालत न्हाई."

"मी काल तुम्हाला काढून टाकलं ना?" अप्पा म्हणाले.

"ते लातूरहून आल्यावर काढा," उस्ताद म्हणाले. "आता गाडी काढा."

मला फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. रजा टाकली आणि लोहा, अहमदपूर करत आम्ही तिघं लातूरला पोचलो. लातूरच्या क्लबाच्या सचिवांना आधी ही थट्टा वाटली. मग त्यांनी कोपऱ्यातली सात पोती दाखवली. कित्येक वर्षांच्या पुंगळ्या, माती, पालापाचोळा, एका पोत्यात विंचू.

त्या दोन दिवसांची मला आजही गंमत वाटते. अप्पा, म्हणजे नांदेडच्या बाजारात ज्यांना लोक उठून नमस्कार करतात ते अप्पा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मातीत मांडी घालून बसले होते आणि पुंगळ्या निवडत होते. वाकड्या तोंडाची इकडं, तळाशी चकचकीत वर्तुळ दिसणारी तिकडं, बरी वाटणारी उस्तादांकडं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचं तोंड फुगलेलं होतं. मग उस्तादांनी एक आरा त्यांच्याही हातात दिला. तासाभरानं अप्पा एकदम ओरडले, "अडकलं! उस्ताद, अडकलं बघा! चीर आहे, चीर!" आणि ती पुंगळी हातात धरून ते लातूरच्या सचिवांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवून आले. त्यानंतर त्यांना उठवणं अवघड झालं. जेवायला माझ्या आईनं डबा पाठवला तर म्हणाले, "थांबा हो, एवढा ढीग होऊ द्या."

सात पोत्यांतून लातूरकरांना आम्ही सरावाला चालेल असा जवळजवळ दीड पोतं माल काढून दिला. आमच्यासाठी उस्तादांनी सामन्याच्या लायकीच्या एकशे दहा पुंगळ्या ठेवल्या. एकशे दहाच. अप्पांनी आणखी पन्नास घ्या म्हटलं, तर म्हणाले, "घेऊ की. सापडल्या तर." सापडल्या नाहीत.

एकशे दहा पुंगळ्या पाच जणांना पुरत नव्हत्या. दोघंच उतरू शकत होते. कोण, ते अप्पांनीच सांगितलं. "म्याडम एक. आणि दुसरा आपल्या पाचांतला तो किनवटचा पोलीस. तो चांगला मारतो." मग आरा खाली ठेवत, "मी काय, मी पुढच्या वर्षी."

उस्ताद एक दिवस, एक रात्र त्या दोन कुलपांच्या खोलीत होते. सामन्याला त्यांनी माझ्या पुढ्यात काडतुसांचा खोका ठेवला आणि मागं, सावलीला जाऊन उभे राहिले. माझी आई त्यांना खुर्ची द्यायला गेली, तर बसले नाहीत. मी एकेक गोळी झाडत होते आणि प्रत्येक वेळी रायफलीतून पुंगळी बाहेर पडली की ते पुढं होऊन ती उचलत, बघत आणि खिशात टाकत. कागदी लक्ष्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

मी चौथी आले. तिसऱ्या नंबरापेक्षा दोन गुण कमी. किनवटचा पोलीस दुसरा आला. मावश्यांनी चौथा नंबरही पहिला असल्यासारखे पेढे वाटले. मला वाईट वाटलं का? वाटलं. नांदेडला परतताना गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. उस्ताद पुढच्या सीटवरून म्हणाले, "म्याडम, पंचावन्नच्या पंचावन्न चांगल्या निघाल्या. एकीला सुद्दा रेघ न्हाई." माझे डोळे भरलेले होते, तरी मला हसू फुटलं. अप्पा गाडी चालवत होते. ते इतके हसले की अहमदपूरच्या अलीकडं गाडी बाजूला घ्यावी लागली. उस्तादांना काढून टाकायचं मग ते विसरले ते विसरलेच.

पुढच्या वर्षी मी तिसरी आले. पण ते इथं सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते त्याच्या पुढच्या वर्षीचं. उन्हाळा संपत आला होता. उस्तादांनी पारखून ठेवलेल्या डब्यातल्या पुंगळ्या मी मापात आणत होते. सहज, काही कारण नसताना, एकीत आरा घातला. अडकला. पुन्हा घातला, पुन्हा अडकला. उस्तादांच्या डब्यातली पुंगळी. मी ती पर्समध्ये टाकली.

दोन दिवस ती पर्समध्ये होती. फेकून द्यावी का? कुणाला कळलं नसतं. चोवीस वर्षं फौजेत आणि वर इथली अकरा, एक सुद्दा न्हाई. ह्या माणसाला हे सांगायचं कसं? नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला फेक. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "त्यानं तुझी पोळी फेकली होती का? तोंडावर सांगितलं ना?"

तिसऱ्या दिवशी मी ती टेबलावर ठेवली. "उस्ताद, ही तुमच्या डब्यात होती."

त्यांनी आरा घातला. ओढला. पुन्हा ओढला. त्यांच्या बोटाला काही लागलं नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी करवतीनं ती उभी चिरली. आत रेघ होती. चष्मा काढून, डोळ्याशी नेऊन त्यांनी ती बघितली. मग स्टुलावर बसले. मला वाटलं आता हे रडतील. 

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले, "बोटाला पैल्यासारखं कळत न्हाई. ह्या अंगठ्याला तर काय बी न्हाई. म्हनून एक पुंगळी मी चार-चार डाव बगत होतो."

"मग सांगायचं ना!"

"सांगून काय करू? माझी चूक कोन पकडंल, तेच कळत नव्हतं. अप्पाच्या हातात देऊन जाऊ का?" त्यांनी ते चिरलेले दोन तुकडे जुळवले, पुन्हा वेगळे केले. मग त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की मी बघतच राहिले. "आता पकडली. लई चांगलं झालं. चहा सांगा."

चहा झाल्यावर ते खोलीत गेले आणि पेटी भरायला लागले. अप्पा धावत आले. हात जोडले, पगार वाढवतो म्हणाले, नुसतं बसून राहा म्हणाले. उस्ताद म्हणाले, "बसून काय करू? घरी लई कामं हायत." दोन्ही कुलपांच्या किल्ल्या त्यांनी अप्पांच्या हातात दिल्या आणि माझ्याकडं बोट दाखवलं. परवान्याच्या कागदांवर माझं नाव चढायला पुढं पाच महिने लागले. तोवर ती खोली बंदच राहिली. घाईच्या अप्पांनी एकदाही घाई केली नाही.

शनिवारी आम्ही त्यांना किनवटच्या गाडीत बसवलं. गाडी हलली तसं मला एकदम भरून आलं. आपण ह्या माणसाचं काम काढून घेतलं, हीच टोचणी रविवारचा सगळा दिवस लागून राहिली. सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला. काकू होत्या.

"म्याडम, ह्यांची चूक तुमी काढली म्हनं?"

मी चाचरत म्हणाले, "काकू, माझ्या मनात तसं नव्हतं हो…"

"आवो, लई उपकार झाले तुमचे!" काकू पलीकडून ओरडल्या. "तीस वर्षं मी रोज काढून राहिले, एकदा तरी घरी आला का हा माणूस?"